घाणा, माग आणि खिळे

वऱ्हाडात आणि त्याच्या सीमेवर ज्या गावांच्या नावाला ‘बाजार’ हा शब्द चिकटलेला आहे, ती गावे थोडी नाहीत. चांदूर बाजार, आसेगाव बाजार, पलीकडे हिंगोली जिल्ह्यात जवळा बाजार आणि वाशीम जिल्ह्यातले माझे शेलूबाजार. गावाची ओळख देवावरून, नदीवरून किंवा एखाद्या पराक्रमी पुरुषावरून न सांगता देवघेवीवरून सांगावी, यात एक प्रकारचा मोकळा प्रामाणिकपणा आहे. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारी वाट आणि नागपूरहून पश्चिमेकडे जाणारी वाट येथे एकमेकींना छेदतात. माणसे थांबतात, माल उतरतो, माल चढतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून मोठी वाहने गावाला वळसा घालून जाऊ लागली, तरी गावाच्या नावातला बाजार काही सुटलेला नाही.

या गावाच्या चारी अंगांना धर्माची मोठी ठाणी आहेत. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन भट्टारकांच्या गाद्यांचे जुने केंद्र, मंगरूळपीरला दर्गा, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आणि बंजारा समाजाची काशी. या प्रत्येक ठिकाणी धर्माच्या सावलीत व्यापार वाढलेला आहे. यात्रा भरते म्हणून बांगड्यांची दुकाने लागतात, नारळ विकला जातो, उपाहारगृहे चालतात. पण नीट पाहिले तर या व्यापाराचा आणि आतल्या उपासनेचा संबंध केवळ शेजाराचा असतो. उपासना गाभाऱ्यात, बाजार दाराबाहेर. दुकानदाराने नारळ विकला म्हणून त्याची भक्ती वाढत नाही आणि न विकल्याने ती घटत नाही.

याहून वेगळा असा एक संबंध असू शकतो, आणि त्याविषयी मला बरेच दिवस लिहायचे होते. जेथे उपासना करणाऱ्या माणसांनीच एकत्र वस्ती केली, त्या वस्तीच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला आणि त्यातून हातकाम, उद्योग आणि पुढे कदाचित व्यापारही निघाला, अशा वस्तीत धर्म आणि धंदा एकाच आवारात राहतात. एकाची घंटा दुसऱ्याला ऐकू येते. मराठी मुलखात असे काही घडले आहे काय, आणि घडले असेल तर मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, हा या टिपणाचा विषय.

आपल्याकडे ‘काम हीच भक्ती’ म्हटले की वारकरी संतांची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. सावता माळ्याने मळा सोडला नाही, गोरोबांनी चिखल तुडवणे सोडले नाही, नरहरी सोनार आणि सेना न्हावी आपापल्या हत्यारांसह भक्तीत आले. श्रमाला एवढी प्रतिष्ठा देणारी दुसरी परंपरा सहज सापडणार नाही. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. येथे प्रत्येक संताचा व्यवसाय हा त्याला जन्माने मिळालेला आहे. माळी मळ्यातच राहिला, कुंभार चाकाशीच राहिला. भक्तीने व्यवसायाला पावित्र्य दिले, पण व्यवसाय आणि जात यांची गाठ तिने सोडली नाही. पंढरीच्या वाळवंटात सगळे एक झाले आणि वारी संपल्यावर आपापल्या ओसरीवर, आपापल्या हत्याराकडे परतले. वाळवंटातच कायमची वस्ती केली असती तर कोणी कोणते काम करावे, हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला असता.

युरोपात तो एका लहानशा पंथाला सोडवावा लागला. बोहेमिया आणि मोरेव्हिया या प्रांतांतून धार्मिक छळाला कंटाळून निघालेल्या काही कुटुंबांना सॅक्सनीतील काउंट झिंझेनडॉर्फ या तरुण सरदाराने आपल्या जमिनीवर आसरा दिला. १७२२ साली तेथे हेर्नहूट नावाची वस्ती सुरू झाली; पहिले झाड तोडणारा ख्रिश्चन डेव्हिड हा व्यवसायाने सुतार होता. निर्वासितांत कारागीर पुष्कळ होते, शेतजमीन थोडी होती. म्हणून वस्ती जगली ती मागावर आणि रंध्यावर. १७४७ मध्ये अब्राहम ड्यूर्निंगर याने तेथील दुकान हाती घेतले आणि तागाच्या कापडाचा व्यापार दूरदेशी पोहोचवला. याच पंथाच्या लोकांनी १७४१ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम ही वस्ती वसवली. पाच-सहा वर्षांत तेथे पस्तीसच्या आसपास निरनिराळे व्यवसाय उभे राहिले: लोहारकाम, कातडी कमावणे, रंगकाम, कुंभारकाम, पिठाची गिरणी, विणकाम. सुमारे वीस वर्षे त्या वस्तीत मजुरी नव्हती. सर्वांनी काम करायचे आणि सर्वांना सामायिक कोठारातून अन्न, वस्त्र आणि निवारा मिळायचा. अविवाहित स्त्रिया एका घरात, अविवाहित पुरुष दुसऱ्या घरात. १७६२ साली ही व्यवस्था मोडली. कर्ज वाढले होते, आणि लोकांना आपले कुटुंब, आपली चूल हवी होती. २०२४ मध्ये हेर्नहूट आणि बेथलेहेम यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

हा इतिहास गोडच आहे असे समजण्याचे कारण नाही. याच पंथाच्या धर्मप्रचारकांनी कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा बाळगला होता. श्रमाला पवित्र मानणारा समाजही कोणाचे श्रम आणि कोणाच्या इच्छेने, हा प्रश्न विसरू शकतो, ही खूणगाठ येथेच बांधून ठेवलेली बरी.

भारतात मोरेव्हियन लोक अठराव्या शतकात तरंगमबाडीला आले आणि गेले. एकोणिसाव्या शतकात ते लाहौल आणि लडाखमध्ये स्थिरावले. लाहौलमधील स्त्रियांच्या हाती लोकरीचे विणकाम आले ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. पण त्यांच्याच जातकुळीच्या, जर्मन भक्तिपंथातून निघालेल्या बासेल मिशनचे काम तर आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यावर होते. कोकणातल्या घराघरांवर चढलेले मंगळुरी कौल हे मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून तयार होऊ लागले. धर्मप्रचारकांना कौलांचा कारखाना का काढावा लागला? कारण सरळ आहे. धर्मांतर केलेला माणूस जातीबाहेर जाई, आणि जातीबाहेर जाताच तो धंद्याबाहेरही जाई. त्याच्याकडून कोणी माल घेत नसे, त्याला कोणी काम देत नसे. जात ही केवळ रोटी-बेटीची व्यवस्था नव्हती. ती उदरनिर्वाहाची व्यवस्था होती. ती तुटली की नवी उभारावी लागे. कौलाच्या मातीत हा सामाजिक इतिहासही भाजलेला आहे.

मराठी मुलखात या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंचे केडगाव. रमाबाईंवर मराठीत लिहिले गेले ते बहुतेक त्यांच्या विद्वत्तेविषयी, त्यांच्या प्रवासाविषयी आणि त्यांच्या धर्मांतराविषयी. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘सरस्वती’ ही पदवी, १८८२ चे ‘स्त्रीधर्मनीति’, अमेरिकेच्या प्रवासावरचे १८८९ चे पुस्तक, त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास गेलेले शारदा सदन, आणि १८९३ साली त्यावर उठलेले वादळ, ज्यात रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. ही सगळी हकीकत आपल्या विद्यार्थ्यांना कमीअधिक ठाऊक असते. केडगावचे नाव मात्र या हकीकतीच्या शेवटी एखाद्या तळटीपेसारखे येते. माझ्या मते ते मध्यभागी यायला हवे.

केडगावची सुरुवात हिशेबातून झाली. बोस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने शारदा सदनाला दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले होते. दहा वर्षांनंतर काय, या विचाराने रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळझाडे लावावीत आणि त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा बेत होता. विहिरी खणल्या गेल्या, रोपे लावली गेली. झाडे फळाला येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना वाचून कळलेले नव्हते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, शहरात एवढ्या माणसांना ठेवणे शक्य नव्हते. म्हणून त्या केडगावच्या मोकळ्या जमिनीवर आल्या. या वस्तीला नाव मिळाले ‘मुक्ती’. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणतात, आणखी शेकडो आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे म्हणजे त्या काळचे एक चांगले मोठे गाव. आणि हे गाव जवळजवळ सगळे स्त्रियांचे. गावाला जे जे लागते ते ते येथेही लागणार. धान्य दळायला हवे, तेल हवे, लुगडी हवीत, दूध हवे, कपडे शिवायला हवेत. या गावात ना तेली होता, ना कोष्टी, ना शिंपी. तेव्हा तेलाचा घाणा स्त्रियांनी चालवला, माग त्यांनीच लावले, गोठा त्यांनीच सांभाळला, भाकरी त्यांनीच भाजली. आंधळ्यांसाठी वेगळे सदन निघाले आणि रमाबाईंची कन्या मनोरमा हिने तेथे ब्रेल शिकवली. अमेरिकेत असताना रमाबाईंनी किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले होते. मूल हाताने शिकते, हा त्या पद्धतीचा गाभा. केडगावला त्या विचाराला घाणा, माग आणि गोठा मिळाला.

येथे वारकरी संतांशी केलेली तुलना पुढे न्यावीशी वाटते. सावता माळी माळी होता म्हणून मळ्यात राहिला. केडगावच्या घाण्यावर बसलेली बाई तेल्याची लेक असेल असे नव्हते, आणि मागावरची बाई कोष्ट्याच्या घरची असेलच असे नव्हते. दुष्काळाने ज्यांना आणले त्या नाना जातींच्या होत्या. त्यांची गावे, घरे, नाती सुटलेली होती. जातीने ठरवून दिलेले काम त्यांच्यासोबत केडगावला आले नाही. कोणाला काय जमते आणि वस्तीला काय लागते, यावरून काम ठरले. पुण्याच्या शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. केडगावच्या गर्दीत ते जग मागे पडले. हा बदल कोणत्याही सुधारकाच्या ठरावातून आला नव्हता. तो पोटाच्या गरजेतून आला होता, म्हणूनच तो मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

या सगळ्या उद्योगांत वाङ्मयाच्या वाचकाला सर्वांत जवळचा उद्योग म्हणजे छापखाना. रमाबाईंचे इंग्रजी आत्मनिवेदन १९०७ साली केडगावच्याच छापखान्यातून निघाले. आणि मग ते मोठे काम: मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. सुमारे अठरा वर्षे ते चालले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. खिळे जुळवणे, छापणे, पाने मोडणे, बांधणे ही कामे त्या वस्तीतल्या स्त्रियांनी केली. भाषांतराविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लहानपणापासून संस्कृत मुखोद्गत असलेल्या या विदुषीने येथे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले आणि खेड्यातल्या बाईला कळेल असे साधे मराठी शोधले. ‘स्त्रीधर्मनीति’चे मराठी आणि हे मराठी शेजारी ठेवून पाहावे, मध्ये चाळीस वर्षे आहेत, आणि मध्ये केडगावही आहे. ज्यांच्यासाठी लिहायचे त्याच खिळे जुळवणार असतील तर लेखकाच्या भाषेवर त्याचा परिणाम होणारच, असे मी मानतो. आपले वाक्य छापखान्यात पोहोचल्यावर अडेल की नाही, हे ज्याला आवारातच ऐकू येते, त्याचे वाक्य वेगळे होते.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. याला घरचा थोडा आधार आहे. शेलूबाजारात माझ्या वडिलांचा एक छोटा छापखाना होता. पायाने चालवायचे ट्रेडल, चार लाकडी रॅक, खिळ्यांच्या केसा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, यात्रेची आणि निवडणुकीची पत्रके, एवढेच काम. पाटीवर वडिलांचे नाव होते. खिळे मात्र बहुतेक वेळा आई जुळवायची. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. देवनागरीचे खिळे जुळवणे हे इंग्रजीपेक्षा कितीतरी किचकट काम. जोडाक्षरे, मात्रा, रफार यांचे शेकडो खिळे, प्रत्येकाचा खण वेगळा, आणि सगळे उलटे वाचायचे. आई सुलटे वाचताना बोट फिरवायची आणि उलटे मात्र भराभर वाचायची. गिऱ्हाइकाने लिहून आणलेल्या मजकुरातला ऱ्हस्व-दीर्घ ती न विचारता दुरुस्त करी. पत्रिकेतले एखादे अवघड संस्कृत विशेषण तिच्या खणात नसले तर ती वडिलांना सांगे, “ह्याच्या जागी सोपा शब्द घाला, नाहीतर खिळा उसना आणा.” वडील बहुधा शब्द बदलत. कुटुंबाची माहिती लिहून घ्यायला एकदा कोणी घरी आले, तेव्हा वडिलांनी आईचा व्यवसाय ‘घरकाम’ असा सांगितला, आणि शाईने काळ्या झालेल्या बोटांनी चहाची कपबशी पुढे करत आईने मान डोलावली. नव्वदीच्या दशकात संगणकावरची जुळणी आणि ऑफसेट आले. खिळे मोडीच्या भावाने विकले गेले. आईने निरोपाला म्हणून एकही खिळा ठेवून घेतला नाही. ती म्हणाली, “शिशाचं वजन चांगलं आलं.”

केडगावविषयी वाचताना मला आईची आठवण येते ती गौरवाच्या भावनेने येते असे नाही. मनात एक अस्वस्थताही येते. मुक्ती हे नाव, आणि दिवस मात्र घंटेने बांधलेला. प्रार्थना, काम, शाळा, पुन्हा प्रार्थना. ज्या मुली तेथे आल्या त्या भुकेने आल्या होत्या, निवड करून नव्हे. दुष्काळात धान्य देणाऱ्या हाताने धर्मही द्यावा काय, हा प्रश्न त्या काळी टीकाकारांनी विचारला आणि आजही तो विचारण्याजोगा आहे. रमाबाईंचे उत्तर त्यांच्या श्रद्धेत होते. वाचकाला ते पुरेसे वाटेलच असे नाही. पण याच प्रश्नाची दुसरी बाजूही विचारली पाहिजे. त्या मुलींना ज्या गावांनी, ज्या घरांनी, ज्या जातींनी तोवर काम दिले होते, तेथे त्यांच्या इच्छेला कितीशी जागा होती? माझ्या आईने खिळे जुळवणे तरी कोठे निवडले होते? बेथलेहेमच्या लोकांनी वीस वर्षांनी सामायिक कोठार मोडून आपापल्या चुली मांडल्या. केडगावच्या बाईला मांडायला चूल हवी असेल तर ती मांडायची कोणाच्या गावात, हा तिचा प्रश्न अधिक अवघड होता.

व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर केडगावची वाढ वेगळ्या वळणाने झाली. हेर्नहूटचे कापड समुद्रापार गेले, मंगळूरचे कौल किनाऱ्यावरून सगळीकडे पोहोचले. केडगावचे तेल केडगावातच संपले आणि कापड तेथल्याच अंगावर गेले. पैसा मुख्यतः परदेशच्या देणग्यांतून येत राहिला. दोन हजार तोंडे भरवणारा उद्योग बाजारात नफा मिळवायला मोकळा नसतो. जे निर्माण होते ते आधी घरात लागते. बाहेर गेला तो एकच माल, छापलेला कागद. शेलूबाजारच्या माणसाला हे थोडे विचित्र वाटते, कारण आमच्याकडे जे विकले जाते त्यालाच माल म्हणतात. पण मग आईने जुळवलेल्या पत्रिकांचे काय म्हणायचे? त्या विकल्या गेल्या. तिचे काम मात्र कधीच बाजारात आले नाही.

मराठी वाङ्मयाचा इतिहास आपण लेखकांच्या नावांनी शिकवतो, फार तर संपादकांच्या आणि प्रकाशकांच्या. मुद्रणाचा इतिहास वेगळ्या कप्प्यात, ग्रंथालयशास्त्राच्या किंवा तंत्राच्या कपाटात जातो. केडगावचे पुस्तक ही विभागणी मान्य करत नाही. त्यातले मराठी समजून घ्यायचे तर घाणा, माग, विहीर, दुष्काळ आणि खिळ्यांचे खण हे सगळे एकाच वेळी नजरेसमोर ठेवावे लागते. धर्म मान्य असो वा नसो, भाषांतर आवडो वा न आवडो, विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात दौंड तालुक्यातल्या एका माळावर जातीचे काम सुटलेल्या स्त्रियांनी एक अखंड ग्रंथ स्वतःच्या हातांनी उभा केला, आणि तो त्यांना वाचता येईल अशा मराठीत होता.

पंडिता रमाबाई मुक्ती मिशन केडगावला आजही आहे. पदव्युत्तर वर्गात रमाबाई शिकवायची वेळ येते तेव्हा मी हल्ली विद्यार्थ्यांना आधी एक साधे काम देतो. घरात किंवा ग्रंथालयात खिळ्यांच्या काळातले कोणतेही जुने मराठी पुस्तक घ्यावे, मुखपृष्ठ उलटावे, आणि मुद्रक कोण व छापखाना कोठला ते पाहून वहीत लिहावे. मग ते खिळे कोणी जुळवले असतील, याची घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे चौकशी करावी. कधी कधी एखादी मुलगी पुढच्या तासाला आपल्या आजीचे नाव लिहून आणते.